राणी रंगाचा बोळा

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या एका लूमखात्यात जॉबर होते. लूम, म्हणजे यंत्रमाग, बिघडले की ते चालू करून देणारा तो जॉबर. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान हळूहळू गेले, आणि मग साध्या साध्या गोष्टीही आम्ही ओरडून सांगू लागलो. गॅस संपलाय, भाजीत मीठ जास्त पडलंय, शेजारी पाहुणे आलेत, सगळं नवागामच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. माय आमच्या खान्देशी अहिराणीत म्हणायची, "आपला घरमा चोरीभी वरडीसन करनी पडी." ती स्वतः दिवसभर दाराशी बसून साड्यांचे धागे कापायची. साडीच्या उलट्या बाजूला जे सुटे धागे लोंबतात ते कात्रीने कापायचे, घडी घालून बाजूला ठेवायची, पुढची घ्यायची. तिच्या मांडीभोवती कापलेल्या सुताचा ढीग साठत जाई, आणि त्या आठवड्यात ज्या रंगाचा माल असेल त्या रंगाचे आम्ही होऊन जायचो. भाकरीवर, वहीत, केसांत, सगळीकडे तेच सूत.

कान गेल्यावर दादांनी लूम सोडले आणि बारडोलीकडच्या एका शेतकऱ्याकडून जुना ट्रॅक्टर घेतला. तीन सिलिंडरचा, ऊस ओढून ओढून खिळखिळा झालेला, माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याचा मूळ रंग निळा होता की करडा, यावर घरात एकमत नव्हते. आम्ही त्याला म्हाताराच म्हणायचो. मागे पाण्याची टाकी जोडून दादा डिंडोलीतल्या नव्या बांधकामांना पाणी पोहोचवत. ऐकू येत नसताना इंजिन कसे सांभाळत, तर लाकडी मुठीच्या लांब डिसमिसने. स्क्रू ड्रायव्हरला सुरतेत सगळे डिसमिसच म्हणतात. त्याचे टोक ते इंजिनावर टेकवत आणि मूठ दातांत धरत. डोळे मिटून उभे राहत. जे कानातून जात नव्हते ते हाडांतून जाई. मी लहान असताना मला वाटायचे, दादा इंजिन चाखून बघतात.

मी आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली. मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होते, दुसऱ्या वर्षाला. हे लिहिताना अभिमान वाटतो, पण तेव्हा वाटत नव्हता. वर्कशॉपमध्ये मी मागे उभी राहायची. जर्नल इतके सुंदर लिहायची की सर इतरांना दाखवत, पण हातात पाना घ्यायची वेळ आली की कुणीतरी पुढे होई आणि मी बाजूला सरकायची. मला वाटे, आपल्याला येत नाही हे कळेपर्यंत तरी आपल्याला येते असे लोक समजतील. आज मी स्वतः मुलांना शिकवते, आणि वर्गात मागे उभी राहणारी मुलगी मला पहिल्या दिवशी ओळखू येते.

त्या वर्षी आषाढ लागला आणि म्हातारा तापायला लागला. दोन खेपा झाल्या की रेडिएटरमधून वाफ. गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्याने हेड गास्केट बदलून दिले. हेड म्हणजे इंजिनाचे झाकण, आणि ते व खालचा ब्लॉक यांच्यामध्ये जो पातळ पत्रा दाबून बसतो ते गास्केट. एकीकडे जाळ, एकीकडे पाणी, एकीकडे ऑइल, या तिघांची भेट होऊ न देणे एवढेच त्याचे काम. पंधरा दिवसांत तेही गेले. पुन्हा बदलले, पुन्हा गेले. मग एके दिवशी दादांनी ऑइलची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर दुधाळ चहासारखा साका. पाणी ऑइलमध्ये उतरले होते.

माझे मामा दोन घरे सोडून राहत, रिक्षा चालवत. मनाने वाईट माणूस नाही, पण दुसऱ्याचे निर्णय घ्यायची हौस दांडगी. त्यांनी भंगारवाला ठरवून टाकला. कानबाई, श्रावणात बसणारी आमची खान्देशी देवी, येत्या रविवारी बसणार होती, सोमवारी तापीवर विसर्जन. मंगळवारी भंगारवाला ट्रॉली घेऊन येईल आणि म्हाताऱ्याला उचलून नेईल. दादांसाठी कडोदऱ्याच्या एका खात्यात वॉचमनची जागाही त्यांनी बोलून ठेवली होती.

"बहिरा वॉचमन?" दादा म्हणाले. "चोर माले उठाडीसन चोरी करी का?"

सगळे हसले. दादाही हसले, पण हसून झाल्यावर ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. लूम सुटले तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला होता. आता हेही सुटले तर त्यांच्याकडे हाताने करण्यासारखे काहीच उरणार नव्हते. मला माझ्या जर्नलमधले एक पान आठवले. इंजिनाची शीतन व्यवस्था, आकृतीसह, दहापैकी दहा गुण. मी ओरडले, "दादा, मी खोलू का?" ओरडायचेच होते, त्यामुळे गल्लीने ऐकले.

मामा म्हणाले, "भाची, कॉलेजमा रांगोळीभी शिकाडतंस ना? ती काढ आंगनमा."

दादांनी माझ्याकडे बघितले. "तुले जमी का?"

मी हो म्हटले नाही. मी म्हटले, "दोनदा गास्केट बदललं, पन ते कसाले जास हाई कोनी देखं नही." दादा आत गेले आणि पान्यांचा डबा घेऊन आले.

भंगारवाला यायच्या बरोबर आठवडाभर आधी, मंगळवारी, आम्ही हेड उतरवले. बोल्ट काढताना मी प्रत्येकाची जागा पुठ्ठ्यावर काढून त्यात खोचून ठेवली. दादांना तो पुठ्ठा फार आवडला, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. गास्केट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे जळले होते. तेवढी जागा काळी, बाकीचे चांगले. म्हणजे ताप मागच्या बाजूला जास्त होता. ब्लॉकच्या मागच्या टोकाला पाणी सोडायची तोटी होती. मी ती उघडली, पाणी आले नाही. तार घालून टोकरले तर पांढऱ्या खपल्या पडू लागल्या, अंड्याच्या कवचासारख्या. बोअरचे खारे पाणी वर्षानुवर्षे आत उकळून त्याचा चुना बसला होता, आणि तिसऱ्या सिलिंडरभोवती पाणी फिरायला वाटच नव्हती. नवे गास्केट कितीही घाला, ते भाजणारच.

खपली बघायला माय उठून आली. तिने ती बोटांत चुरली आणि म्हणाली, "हाई ते मना हंडामा बी बसस. लिंबूना फूलघाई निंघस." किराणा दुकानातले लिंबाचे फूल, ज्याने ती दर दिवाळीला पाणी तापवायचा हंडा साफ करायची. आम्ही ते कोमट पाण्यात विरघळवून ब्लॉकमध्ये भरून ठेवले. बुधवारी सकाळी तोटी उघडली तर ताकासारखे पाणी धो धो आले. पाच वेळा धुतले. माझ्या पुस्तकात दोन पाने भरून रसायनांची नावे होती. माय मात्र पुन्हा साड्यांकडे जाऊन बसली होती.

हेडवर सरळ पट्टी ठेवली तर मधे फट दिसली. तापून हेड वाकले होते. ते उधन्याच्या एका वर्कशॉपमधून घासून सपाट करून आणायचे ठरले. घासताना किस उडतो, तो आत जाऊ नये म्हणून भोके बुजवायला हवीत. दादांची ही लूमखात्यातली सवय. कुठलेही यंत्र उघडले की पहिल्यांदा सुताचे बोळे करून भोकांत कोंबायचे. लूमवर त्यासाठी पांढरे टाकाऊ सूत असे. घरात ते नव्हते. दादा रिक्षा बघायला गेले होते. मी मायच्या ढिगातून मूठमूठ सूत घेतले आणि बोळे कोंबले. त्या आठवड्यात सगळ्या साड्या राणी रंगाच्या होत्या, त्या गडद गुलाबी रंगाच्या.

मी ते बोळे मोजले नाहीत. पुठ्ठ्यावर प्रत्येक बोल्ट नोंदवला, बोळे नाही.

हेड घासून आले आणि गुरुवारी सगळे बसवले. बारडोलीच्या एका जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानातून दादा गास्केट घेऊन आले होते, त्या मॉडेलचे तिथले शेवटचे. कॉलेजच्या लॅबमधून मी टॉर्क पाना मागून आणला होता. बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना. सरांकडे जाऊन काही मागण्याची ती माझी पहिलीच वेळ, आणि त्यांनी एका शब्दात हो म्हटले तेव्हा मला वाटले, एवढेच होते? मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, मी बोल्ट आवळले. दादा माझ्यामागून प्रत्येक बोल्टला हात लावून बघत. त्यांचा हात आणि माझ्या पान्याचा काटा एकमेकांशी जुळत होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी हात लावणे सोडून दिले.

इंजिन सुरू झाले. गल्लीतल्या बायकांनी दारातून टाळ्या वाजवल्या. मामांनीही एक वाजवली. दादांनी मला मडगार्डवर बसवले आणि आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो, मामा रिक्षा घेऊन मागे. पाव तास बरे चालले. मग तोच वास आला, गरम लोखंडाचा आणि वाफेचा. दादांनी ताबडतोब कडेला घेऊन बंद केले, पण हेडच्या सांध्यातून वाफ फुसफुसत होती आणि पट्टी काढली तर तिच्यावर पुन्हा तोच चहा.

दादांनी इंजिनावर हात फिरवला. हेड भाजत होते. मग त्यांनी हेडमधून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी होज धरला, आणि धरूनच राहिले. तो गार होता. इंजिन एवढे तापले आणि त्यातून पाणी बाहेरच आले नव्हते. त्यांनी होज सोडवला, हेडच्या तोंडात डिसमिस घालून फिरवले आणि काहीतरी ओढून काढले. ओले, काळपट, लोंबते. काळेपणाखालून राणी रंग दिसत होता. वरच्या त्या तोंडातून मीच बोळा आत दाबला होता, आणि होज चढवताना आत डोकावलेही नव्हते.

दादांनी बोळा मुठीत मिटला. मामा रिक्षातून उतरून येत होते, पानवाला येत होता, दोनचार माणसे जमली होती. दादा नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले, "मी इसरनू. बोळा मजार ऱ्ही गया. मनी चूक शे."

मामा म्हणाले, "भाऊजी, कान गयात, आते ध्यानबी गयं. मंगळवारले देई टाका."

मी काहीच बोलले नाही. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. मी त्या संध्याकाळी बोलले नाही, जेवताना बोलले नाही. माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढत होती, आणि दादा म्हणाले की उद्या बारडोलीला जाऊन बघू, त्या दुकानदाराकडे एखादे गास्केट पडलेले असेल. तूही चल. मी मान हलवली. ज्या घरात काही लपत नाही तिथे मी पहिल्यांदा काही लपवत होते, आणि ते सोपे होते, कारण फक्त गप्प बसायचे होते.

शुक्रवारी बारडोलीला गेलो. दुकानदार म्हातारे गुजराती गृहस्थ होते. सगळे त्यांना कांतिकाका म्हणत. ग्रीसने काळा झालेला गल्ला, छतापर्यंत खोकी, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेली गास्केटं, नमुने म्हणून, कित्येक वर्षांच्या धुळीत. आमचे गास्केट त्यांत होते. मी बघितले, दादांनीही बघितले.

"ए तो भिंतनुं छे, वेचवानुं नथी," कांतिकाका म्हणाले, म्हणजे विकायचे नाही. आधीचे कसे जळले ते दादांनी सांगितले, चूक पुन्हा स्वतःवर घेऊन, तेव्हा कांतिकाकांनी त्यांना हिंदीत झापायला सुरुवात केली. "इतने साल मशीन पे काम किया और अंदर चिंदी भूल गया? पहले हफ्ते का कारीगर भी ऐसा नहीं करता. तेरे को दूँगा तो फिर जलाएगा." दुकानात आणखी तीन गिऱ्हाइके होती. दादांना शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. ते मान खाली घालून उभे होते. जॉबर म्हणून कडोदऱ्यात ज्यांचे नाव होते ते माझे वडील, शाळेतल्या मुलासारखे.

मी म्हटले, "काका, वो मैंने छोड़ा था."

कांतिकाका थांबले. दादांनी माझे ओठ हललेले पाहिले आणि कानाशी हात नेला. "काय?"

आता ते मला त्यांना सांगायचे होते, आणि दादांना काही सांगायचे तर एकच पद्धत होती. मी ओरडले. "दादा, बोळा मी ठेवेल व्हता! तुमी नही! मी!" दुकान, दुकानाबाहेरची माणसे, समोरचा चहावाला, सगळे वळले. माझा आवाज फाटला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होते, पण मी दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू गेले की नाही याची मला खात्री नव्हती.

दादा म्हणाले, "माले माहीत शे. रंग माले तव्हयच दखाना."

कांतिकाकांना अहिराणी किती कळली ठाऊक नाही. ते स्टूल ओढून त्यावर चढले, खिळ्यावरून गास्केट काढले, फुंकर मारून धूळ उडवली आणि ते माझ्या हातात दिले, दादांच्या नाही. "गिनती रखना, बेटी," एवढेच म्हणाले.

परतताना बसमध्ये मी दादांच्या कानाशी तोंड नेऊन विचारले, माहीत होते तर तुम्ही स्वतःवर का घेतले. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. लूमखात्यात असेच असते, ते म्हणाले. मदतनिसाच्या हातून कापडाच्या ताक्यात डाग पडला तरी मालक जॉबरला बोलावतो, आणि जॉबर "कोणी केलं" हे सांगत नाही. पण मदतनीस स्वतःहून येऊन सांगतो का, हे जॉबर बघत असतो. जो सांगतो त्याच्या हातात पुढे पाना देतात. खिडकीबाहेर उसाचे मळे जात होते. घरी पोचल्यावर मी आधी मामांकडे गेले आणि त्यांनाही सांगितले. ते म्हणाले, "मंग? आते काय करशी?" मी म्हटले, "परत खोलसू."

शनिवारी सकाळी माय रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू काढत होती. कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या दरेक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो वेगळा दळायचा, आणि ते रोट फक्त घरच्यांनी खायचे. सण असल्याने गावाहून काका आणि त्यांचे दोन मुलगे आले होते. माय नाव घ्यायची आणि सुपात गहू टाकायची. दादा, काका, काकांचे दोघे, माझा धाकटा भाऊ. मी अंगणात हेडवर पट्टी ठेवून बघत होते. नशिबाने ते पुन्हा वाकले नव्हते. दादा उंबऱ्यात उभे होते.

"आखो एक टाक," ते म्हणाले.

"कोना नावनी?"

दादांनी अंगणाकडे हनुवटी हलवली.

माय म्हणाली, "आंडेरना नावना गहू कोनी लेस का?" आंडेर म्हणजे मुलगी. तिचा आवाज विरोधाचा नव्हता, खरोखर विचारत होती, कारण तिच्या नावाचे कधी कुणी घेतले नव्हते.

"इंजिन कोनी खोलं?" दादा म्हणाले.

इंजिन तेव्हा चालत नव्हते. ते चालेल की नाही कुणालाच ठाऊक नव्हते. मायने मूठ भरली, माझे नाव घेतले आणि गहू टाकले. वर पाव मूठ टाकताना तिचा हात थोडा सैल सुटला. मी मान वर केली नाही. पट्टीखालची फट बघत राहिले, पण मला फट दिसत नव्हती.

त्या दिवशी मी नवे बोळे केले, राणी रंगाचेच. प्रत्येकाला हातभर सूत बांधले आणि त्याचे टोक बाहेर लोंबते ठेवून जवळच्या बोल्टला गाठ मारली. पुठ्ठ्यावर लिहिले, बोळे नऊ. बसवताना एकेक ओढून काढला, दादांच्या तळहातावर ठेवला, आणि ते बोटे मिटत मोजत गेले. नऊ. मग दादांनी सगळ्या भोकांतून बोट फिरवले, आणि मीही फिरवले. आज माझ्या वर्गातली मुले मोबाइलवर बघून अर्धे इंजिन खोलतात, पण शेपटाशिवाय बोळा मी त्यांना ठेवू देत नाही. ते मला हसतात. हसू देत.

रविवारी दुपारी थोडा वेळ चालवून गार केले आणि बोल्ट पुन्हा एकदा आवळले. घरात कानबाई बसली होती. पुरणाचा आणि खिरीचा वास अंगणापर्यंत येत होता, आणि माझ्या हातांना डिझेलचा.

सोमवारी सकाळी टाकी सोडून ट्रॉली जोडली. तरुण बायका कानबाई डोक्यावर घेऊन वाजतगाजत पुढे, आणि ज्यांना चालवत नव्हते त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या ट्रॉलीत, गाणी म्हणत. माणसाच्या चालीने जायचे होते. इंजिनाला यापेक्षा वाईट काही नसते. वारा लागत नाही, पंख्यावरच सगळा भार. मी मडगार्डवर बसले होते. देवीकडे माझे लक्ष नव्हते, कानबाईने माफ करावे. मी रेडिएटरच्या झाकणाकडे बघत होते. पुलाआधी मिरवणूक फुगड्यांसाठी थांबली. दादांनी डिसमिस काढले, टोक इंजिनावर टेकवले, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. मग मूठ सदऱ्याने पुसून त्यांनी ते माझ्यापुढे धरले. मी दातांत धरले. सगळे ढोल, सगळी गाणी दूर गेली आणि माझ्या कवटीत तीन सिलिंडर एकामागून एक, एकसारखे वाजत होते. मी उतरून वरच्या होजला हात लावला. तो इतका तापला होता की बोट टेकवेना. मी भाजलेले बोट तोंडात घातले आणि हसले.

घरी आल्यावर मायने ताट वाढले. रोट जाड होता, तुपात बुडवलेला. मी खाल्ला. चव इतर वर्षांसारखीच होती, खोटे कशाला सांगू.

मंगळवारी सकाळी भंगारवाला मोठी ट्रॉली घेऊन गल्लीत आला. त्याला नको म्हणून कळवायला विसरलेले मामा त्याच्यासोबत होते. अंगणात जमिनीवर ऑइलचा डाग होता आणि टायरच्या खुणा, बाकी काही नव्हते. माय दाराशी बसून धागे कापत होती. साड्या आता हिरव्या आल्या होत्या. भंगारवाल्याने विचारले, "वो बुड्ढा कहाँ है?"

मायने कात्री थांबवली नाही. तिने मामांकडे बघितले आणि, आमच्या घराच्या पद्धतीप्रमाणे, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कामले गया तो."